बाळ घरी आलं की रोजचे फोटो कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते. घरात जे चाललंय तेच काढते, म्हणजे आंघोळ, मालिश, दोरीवर वाळणारी दुपटी, रात्री तीनला जागे असलेले आईबाप. काम बहुतेक पुण्यात नि वाई-साताऱ्याच्या बाजूला असतं. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयेत. ज्यांना मला बोलवायचं नाहीये, घरच्याघरी फोनवरच काढायचेत, त्यांच्यासाठी जास्त लिहिलंय, कारण रोजचे फोटो घरातलं माणूसच सगळ्यात चांगले काढू शकतं असं मला खरंच वाटतं.

रोजचे फोटो म्हणजे नेमके कसले? पोज द्यायचीच नाही का?

बाळ आलं की घराचा एक क्रम लागतो आणि तो दर पंधरा दिवसांनी बदलत राहतो. आज जे रोज चाललंय ते दीड महिन्यानी बंद झालेलं असतं नि कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आजीची दुपट्यात गुंडाळायची पद्धत, गॅसवर उकळत ठेवलेल्या वाट्या-चमचे, फ्रीजवर चिकटवलेला लसींचा तक्ता, दारात वाढलेल्या चपला, बाळ झोपलं म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघणारे आजोबा. हे सगळं काढायचं. पोज नकोच असं काही नाही. आजोबांना कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बाळाला मांडीवर घेऊन सरळ बसलेला फोटो हवा असेल तर मी तो आधी काढते आणि मनापासून काढते. पण तो झाला की आजोबा सैल होतात, बाळाच्या मुठीत स्वतःचं बोट देतात आणि बघत बसतात, तो पुढचा फोटो तेवढा सोडू नका.

सुरुवात कधीपासून करायची?

बाळ यायच्या आधीपासून. डोहाळजेवणाचे फोटो तसेही होतातच, फुलांचे दागिने, झोपाळा, चंद्रकोर सगळं. तिथे माझं एकच सांगणं असतं, वाट्यांखाली पेढा नि बर्फी झाकून ठेवतात ना, ती वाटी उचलायच्या क्षणी कॅमेरा वाटीवर नको, आजूबाजूच्या बायकांच्या चेहऱ्यांवर ठेवा.

पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोहाळजेवण झाल्यानंतरचे साधे दिवस. उशीवर ठेवलेले सुजलेले पाय, अर्धी भरलेली हॉस्पिटलची बॅग, जुन्या सुती साड्या फाडून त्याची दुपटी करणं. आजी गोधडी शिवत असेल तर शिवतानाच फोटो काढा, तिच्या बोटातली सुई नि पायावर पसरलेली साडी दोन्ही दिसू देत. ती साडी कुणाची, कुठल्या लग्नातली हे आत्ताच विचारून फोटोसोबत लिहून ठेवा. गोधडी वर्षानुवर्षं टिकते हो, पण ती कुणाच्या साडीची हे सांगणारं माणूस नेहमी असेलच असं नाही.

सोनोग्राफीची जी छोटी काळी प्रिंट मिळते तिचाही फोटो लगेच काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, उन्हानी नि उष्णतेनी फिका पडतो, आणि लॅमिनेट करायला गेलात तर मशीनच्या उष्णतेनी काळा ठिक्कर होतो. खिडकीजवळ सपाट ठेवायचा, चमक येणार नाही अशा बाजूनी काढायचा.

जेंडर रिव्हीलचं शूट करता का?

नाही. आपल्याकडे जन्माआधी लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा त्यासाठीच आहे. परदेशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात, वाईट हेतूनी विचारतात असं नाही, पण इथे ते होणार नाही. पेढा-बर्फीच्या अंदाजावर हौस भागवा.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढू देतात का?

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. आठव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच विचारून ठेवा, ऐनवेळी सिस्टरशी वाद घालू नका, त्यांना दुसरी शंभर कामं असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये सहसा फोन नेऊ देत नाहीत. बाहेर कॉरिडॉरमध्ये मात्र खूप काही असतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. दोन्हीकडच्या आज्या एका बाकावर, मामा येरझाऱ्या घालतोय, कुणीतरी चहा आणलाय पण कुणी प्यायलेलं नाही. मग दार उघडून सिस्टर बाळ दाखवायला आणतात नि सगळे एकदम उठतात. तो फोटो हवाच, आणि त्यासाठी तुम्ही आधीपासून दाराच्या बाजूला उभं असायला हवं, म्हणजे लोकांचे चेहरे दिसतात. मागे उभं राहिलात तर फक्त पाठी मिळतात.

बाळाच्या हातापायाला बांधलेली आईच्या नावाची पट्टी, वजनकाटा, बाबांनी सही केलेला फॉर्म, हेही काढा. जनरल वॉर्ड असेल तर शेजारच्या खाटेवरची बाई फ्रेममध्ये येणार नाही याची काळजी घ्या, तीही बाळंतीणच आहे. आणि बाळ पहिल्यांदा आईच्या अंगावर ठेवलंय, दूध प्यायला बघतंय, तेव्हा कुणीही "इकडे बघ, इकडे बघ" करायचं नाही. लांबून एक काढायचा नि बाजूला व्हायचं.

आमच्याकडे सव्वा महिना बाळाचा फोटो काढत नाहीत. सासूबाईंचा सक्त नकार आहे. काय करू?

भांडू नका. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतो. दृष्ट लागेल ही भीती खरी वाटत असते त्यांना, आणि मागच्या पिढ्यांनी किती तान्ही बाळं गमावलीयेत हे माहीत असेल तर त्या भीतीचा राग येत नाही. त्यांना नेमकं काय नकोय ते विचारा. बऱ्याचदा फोटो काढण्यावर हरकत नसते, तो लोकांना पाठवायला नको असतो. मग कबूल करा की सव्वा महिना एकही फोटो घराबाहेर जाणार नाही आणि शब्द पाळा, मामेबहिणीला गुपचूप एक पाठवणं पण नाही.

काढायलाच नको असेल तर चेहरा सोडून सगळं काढा. पावलं, मुठी, मनगटातल्या बिंदल्या, टोपड्याची गाठ, पाळण्याची दोरी ओढणारा हात, मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढणाऱ्या सासूबाई स्वतः. असे फोटो काढून त्यांना दाखवलेत की पुष्कळदा त्याच म्हणतात, काढ गं एखादा तोंडाचा पण.

बायको म्हणते मी बेकार दिसतेय, माझे फोटो नकोत. आग्रह करावा का?

या प्रश्नासाठी मी हे सगळं पान लिहिलं असं म्हटलंत तरी चालेल.

तिचा नकार हा नकारच आहे, आधी एवढं मान्य करा. तिचं अंग दुखतंय, टाके ओढले जातायत, दूध येतंय की नाही याची धास्ती आहे, गाऊनवर डाग आहेत, आणि येणारा प्रत्येक माणूस बाळाकडे बघून मग तिच्याकडे बघतोय. अशात कुणी तोंडासमोर फोन धरला तर नको वाटणारच. पण दुसरी बाजू पण बघा. मी घरोघरी बघते, बाळाचे दीडदोन हजार फोटो असतात नि आईचा धड एक नसतो, कारण सगळे तिनेच काढलेले असतात, किंवा जो असतो त्यात ती बारशाच्या दिवशी शालू नेसून पाहुण्यांत उभी असते. ते मूल मोठं झाल्यावर विचारणार की मी तान्हा असताना तू कशी होतीस, तर दाखवायला काय आहे?

म्हणून बाळंतपणाच्या आधीच, शांतपणे, दोघांनी बोलून ठरवा. काय चालेल, काय नाही. पाठमोरी चालेल का? फक्त हात? दूध पाजतानाचे फोटो हवेत का, आणि हवेत तर ते फक्त तिच्याच फोनमध्ये राहतील ना? काढलेला प्रत्येक फोटो तिला दाखवायचा आणि ती डिलीट म्हणाली की तिच्यासमोर डिलीट, चर्चा नाही. पण एक विनंती तिलाही करते, लगेच डिलीट करू नकोस गं, सहा महिने एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, मग बघ नि ठरव.

मग काढायचं काय? तिची आई तिची वेणी घालतेय. डोक्याला रुमाल, कानात कापूस, हातात अळिवाची खीर. कुशीवरून उठताना पोटावर आपोआप गेलेला हात. बाळ एकदाचं झोपलं म्हणून ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्लेला डिंकाचा लाडू. चेहऱ्यावर थकवा असू दे. बाबांनो, रोज एक फोटो असा काढा की ज्यात ती आहे, मोजून एक, जास्त नको. सांगून काढा पण थांबवून काढू नका.

आणि हेही इथेच सांगते. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येणं, चिडचिड हे खूप जणींना होतं. पण दोन आठवडे उलटून गेले तरी ती रडतेय, बाळाकडे बघावंसं वाटत नाहीये, बाळ झोपलं तरी झोप येत नाहीये, तर फोटोबिटो राहू दे, डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

तुम्ही येणार म्हणून घर आवरून ठेवायचं का?

अजिबात नको. फार तर खिडकीसमोरचा कपड्यांचा ढीग थोडा सरकवा, तोही उजेड अडतो म्हणून.

आंघोळीचे फोटो कसे काढायचे? सगळं इतकं पटापट होतं.

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबण लागणार.

सकाळी मालिशवाल्या मावशी येतात किंवा आजीच घालते. मोरीत किंवा बाथरूममध्ये पाटावर बसायचं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या, पाय लांब सोडलेले आणि त्या दोन पायांच्या खोबणीत बाळ. आधी तेल. हात, छाती, मग पालथं घालून पाठ. टाळू भरताना हात एकदम हलका होतो, बघा तुम्ही. मग डाळीचं पीठ दुधात कालवलेलं. पाणी कढत नाही ना हे कोपर बुडवून बघायचं. पाणी अंगावर पडलं की बाळ आधी श्वास रोखतं, हात फाकवतं नि मग रडतं किंवा एकदम गप्प होतं, दोन्ही होतं. शेवटचा तांब्या ओवाळून टाकताना मावशी काहीतरी पुटपुटतात. त्यानंतर आईच्या हातात पंचा पसरलेला असतो आणि बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

तीन जागा ठरवून ठेवा. पहिली मावशींच्या खांद्यामागून, म्हणजे त्यांना जसं दिसतं तसं दिसेल. दुसरी जमिनीलगत त्यांच्या पावलांकडून, म्हणजे जोडवी, पाणी नि बाळाचं डोकं एका रेषेत. तिसरी दाराबाहेर, पंचा घेऊन उभ्या असलेल्या आईच्या बाजूला. एका दिवसात तिन्ही करू नका, ओल्या फरशीवर तुम्ही नाचत राहिलात तर मावशी वैतागतील आणि बरोबरच आहे त्यांचं. रोज आंघोळ आहे, आज एक जागा, उद्या दुसरी. लेन्स पुसायला सुका रुमाल खिशात ठेवा, वाफेनी आणि तेलाच्या बोटांनी फोनचा कॅमेरा धुरकट होतो नि नंतर आपण म्हणतो फोन जुना झाला.

मावशींना मात्र विचारा, तुमचा फोटो काढला तर चालेल का, आणि त्यांना एक प्रिंट द्या. किती घरची बाळं त्यांच्या पायावर मोठी झालेली असतात आणि त्यांचं नावसुद्धा अल्बममध्ये नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

धुरी, काजळ, गुटी याबद्दल लोक विचारतात की फोटोसाठी करू का. फोटोसाठी काहीच करू नका. धुरात उन्हाचा पट्टा सुंदर दिसतो, मान्य, पण धूर बाळाच्या छातीला चांगला नाही असंच डॉक्टर सांगतात, काजळ डोळ्यात नको म्हणतात, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणतात. तीट लावायची तर तळपायाला लावा, फोटोत तीही गोड दिसते.

फ्लॅशनी बाळाच्या डोळ्यांना त्रास होतो का?

अधूनमधून उडालेल्या फ्लॅशनी डोळे खराब होत नाहीत, पण बाळ दचकतं, हातपाय फेकतं, झोपमोड होते. शिवाय फोटोही सपाट येतो. म्हणून मी वापरत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आईबापांनी लक्षात ठेवावी. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसते ते नॉर्मल आहे. पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट-पिवळट चमक दिसत असेल तर बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा, थांबू नका. कधीकधी नुसत्या तिरक्या कोनामुळेही तसं दिसतं. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्यांचा कॅन्सर असू शकतो आणि तो लवकर कळला तर उपचार होतात. आईबापांनी फोटो बघूनच हे ओळखल्याची उदाहरणं आहेत.

घरात अंधार असतो, फोनवर फोटो पिवळे आणि हललेले येतात. काय करू?

आधी ट्यूबलाइट बंद करा. हो, बंद. खिडकीचा उजेड, पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब असे तीन रंग एकत्र आले की बाळाची कातडी अर्धी निळी अर्धी पिवळी दिसते. एकच उजेड ठेवा, खिडकीचा. मग बाळाची गादी खिडकीपासून हातभर अंतरावर सरकवा, थेट ऊन नको, उजेड एका बाजूनी यायला हवा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पंचा धरला की सावली मऊ होते.

खाली बसा. आपल्याकडे बाळ चटईवर, गादीवर, कुणाच्यातरी मांडीवर असतं आणि आपण उभे राहून वरून फोटो काढतो, मग सगळे फोटो टाळूचे येतात. चेहऱ्याच्या अगदी जवळ फोन नेऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात, एक पाऊल मागे येऊन दोनपट झूम वापरा. स्क्रीनवर बाळाच्या गालावर बोट ठेवून उजेड किंचित कमी करा. पोर्ट्रेट मोड शक्यतो नको, तो बोटांच्या कडा नि जावळ खाऊन टाकतो, आणि मागचं घर पुसून टाकतो, जे मला हवंच असतं.

रात्री दिवे लावूनच काढायचे असतील आणि फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर तो दिव्यांचा दोष असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उघडा राहतो ते, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. मोठा कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० एमएमची एफ १.८ लेन्स पुरते, खिडकीच्या उजेडात झोपलेल्या बाळाला शटर १/१२५, हलणाऱ्या हातांना १/२५० आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढला तर वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.

बाळ आपल्याकडे बघतच नाही म्हणून खुळखुळे वाजवत बसू नका. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, म्हणजे जेमतेम घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. आईनी किंवा बाबांनी चेहरा तेवढा जवळ न्यायचा, हळू बोलायचं, बाळ डोळे उघडून बघतं, तुम्ही बाजूनी काढा. झोपेतलं हसू पहिल्या दिवसापासून असतं, सटवाई हसवते म्हणतात ना, तेच. पण आपल्याकडे बघून हसणं साधारण सहा आठवड्यांनी सुरू होतं, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

पाचवीपूजन आणि बारसं यात काय चुकवू नये?

पाचवी-सहावीला पाटा-वरवंट्याची पूजा मांडतात, सटवाई रात्री येऊन नशीब लिहिणार म्हणून कोरा कागद नि पेन ठेवतात. त्या कोऱ्या कागदाचा फोटो काढा. उजेड समईचाच ठेवा, फोन डब्यांच्या फळीवर टेकवून किंवा स्टँडवर लावून टायमरनी काढा म्हणजे हलणार नाही.

बारशाला खरी धांदल पाळण्यापाशी असते. कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या सुरू झालं की सगळ्या बायका पाळण्याभोवती गोळा होतात आणि बाहेरच्याला फक्त पाठी नि अंबाडे दिसतात. तुम्ही आधीच पाळण्याच्या पायथ्याशी खाली बसा, पाळण्याच्या खालून बाळ या हातातून त्या हातात जातं तेव्हा तुमच्या नजरेसमोर असेल. मग आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात, ते एकदाच होतं, पुन्हा करायला सांगू नका, पुन्हा केलेलं खोटं दिसतं. सलग फोटोंचा मोड लावून ठेवा. नंतर घुगऱ्या वाटताना, निजलेल्या बाळाला विसरून सगळे जेवत असताना पण दोनचार काढा. आजकाल बरेच जण बाराव्याऐवजी सव्वा किंवा तीन महिन्यांनी हॉलवर करतात, तिथे बाळ दमून रडतं. दूध पाजायची खोली कुठे आहे ते आधी बघून ठेवा, बाकी फोटो नंतर.

बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. अशात फोटो काढणं बरं दिसतं का?

दिसतं. ज्यांची बाळं ३७ आठवड्यांच्या आधी आली त्या घरांमध्ये मी नंतर जाते तेव्हा आयांकडून हमखास ऐकते की तेव्हाचं काहीच नाहीये आमच्याकडे. लोकांनी सांगितलेलं असतं, नळ्या लावलेल्या बाळाचा कसला फोटो काढता, घरी आल्यावर काढा. पण ते दिवसही त्या बाळाच्या आयुष्यातले आहेत.

स्टाफची परवानगी, फ्लॅश बंद, आवाज बंद, फोन सॅनिटाइझ करून. इनक्युबेटरच्या गोल झरोक्यातून आत गेलेला आईचा हात, बाबांच्या अंगठीशेजारी बाळाचं मनगट, छातीशी धरून कांगारू केअर देताना आईचा चेहरा. दुसऱ्या बाळांचे मॉनिटर नि नावं फ्रेममध्ये नकोत. काढून ठेवा, बघायची जबरदस्ती कुणावर नाही, एखादी आई वर्षभर बघणार नाही आणि एक दिवस स्वतःहून मागेल.

पहिलं बाळंतपण माहेरी आहे, मी लांब असतो / आम्ही अमेरिकेत आहोत, आजी-आजोबा भारतात. फोटोत सगळे कसे येतील?

व्हिडिओ कॉल हाच त्या दिवसांचा रोजचा प्रसंग आहे, त्याचा स्क्रीनशॉट नको, फोटो काढा. म्हणजे कपाटाला टेकवलेला फोन, त्यात बाबा, समोर गादीवर बाळ, बाजूला आजी ओरडून सांगतेय की आवाज येत नाहीये. आणि दुसऱ्या टोकालाही कुणीतरी काढा, भाड्याच्या खोलीत डबा उघडा टाकून फोनकडे बघणारा बाप.

परदेशात आई किंवा सासूबाई येतात त्या व्हिजिटर व्हिसावर, अमेरिकेत एका वेळी फार तर सहा महिने राहू देतात. ते महिने फार मोलाचे आहेत. बाहेर बर्फ नि आत सुंठ-डिंकाचा वास, बाथटबच्या काठावर बसून आंघोळ घालायची युक्ती, सॉक्सवर चपला घातलेली आजी स्ट्रोलर ढकलतेय. एअरपोर्टवर निघतानाचा एकच फोटो असतो बहुतेकांकडे नि त्यात सगळे रडतायत. मधले रोजचे काढा.

मोठी मुलगी रुसलीये, फोटोत यायला तयार नाही.

रुसलेली काढा. आणि तिच्या हातात जुना फोन द्या, तिला बाळाचे काढू देत. तिच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं, मी मुलांनी काढलेले फोटो अल्बममध्ये आवर्जून घालते.

ते टोपलीतले, हनुवटीखाली हात ठेवलेले फोटो घरी करून बघू का?

नको. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसलेलं बाळ हे दोन फोटो जोडून केलेलं असतं, एकात डोकं कुणीतरी धरलेलं असतं, दुसऱ्यात हात, नंतर धरणारे हात पुसतात. बाळाची मान तेवढी धरत नाही. पाळण्यात, टोपलीत, टेबलावर ठेवून हात सोडून मागे जाणं धोक्याचं आहे.

बाळ पिवळं दिसतंय, चेहऱ्यावर पुरळ आहे. एडिट करू का?

पिवळेपणा एडिट करू नका, आधी उजेडात नीट बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ बऱ्याच बाळांना दिसते नि बहुतेकदा जाते, पण पिवळेपणा पोटा-पायापर्यंत उतरत असेल, बाळ सुस्त असेल तर लगेच दाखवा. फोन आपोआप रंग बदलतो, त्यामुळे फोटो बघून "काही नाही झालेलं" असं ठरवूही नका. नाकावरचे पांढरे ठिपके, सोलवटलेली कातडी, नाळेचा सुकलेला तुकडा हे राहू द्या. नाळ आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते, मग ते कधीच दिसणार नाही.

सोशल मीडियावर टाकावे का?

तुमचा निर्णय, पण आंघोळीचे, उघड्या अंगाचे कधीच नको, फॅमिली ग्रुपवर पण नको, तिथून कुठे जातात कळत नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलची पट्टी, घराचा नंबर दिसतोय का बघा, लोकेशन बंद करा. नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगा की आम्हाला विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नका. वाईटपणा घ्या थोडा.

फोन भरलाय, हजारो फोटो झालेत. सांभाळायचे कसे?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो लहान होतो आणि काढल्याची तारीख निघून जाते, म्हणून मामानी काढलेले चांगले फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झालीये, आता मेल-ड्राइव्ह सगळं धरून १५ जीबी. ते भरलं की बॅकअप थांबतो नि आपल्याला वाटतं सगळं वर जातंय. आजच उघडून बघा. एक कॉपी क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर, आणि शक्यतो ती डिस्क दुसऱ्या घरी.

महिन्याच्या शेवटी दोघांनी बसून वीसेक निवडा आणि ४ बाय ६ च्या प्रिंट काढा. चिकट पानांचा अल्बम घेऊ नका, तो गोंद पिवळा पडतो नि फोटो निघत नाही, खिशांचा घ्या. मागे कोण, कुठे, कधी हे फोटोवर चालणाऱ्या मार्करनी लिहा, शाई वाळू द्या मग आत घाला. "आजी" एवढंच लिहू नका, पूर्ण नाव लिहा, चाळीस वर्षांनी दोन आज्यांपैकी कुठली हे विचारायला कुणी नसेल.

आधार-पासपोर्टसाठी फोटो काढून देता का?

वेगळा येऊन नाही, पण मी घरी असेन तर जाताजाता काढून देते. घरीच जमतं: पांढरी चादर सुरकुत्या काढून अंथरायची, बाळ उताणं झोपवायचं, टोपडं काढायचं, खिडकीच्या उजेडात वरून सरळ काढायचा, डोळे उघडे हवेत आणि कुणाचा हात दिसायला नको. दूध पिऊन झाल्यावर दहा मिनिटांनी करा, तेव्हा शांत असतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो केंद्रावरच काढतात. पासपोर्टला चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपण न्यायचा असतो, पांढऱ्या बॅकग्राउंडचा. दोन-तीन प्रिंट जास्त काढून ठेवा, पाळणाघरापासून सगळीकडे मागतात.